फरशी, काच आणि स्लॅब: घुमणाऱ्या खोलीत स्टिरिओ नीट कसा ऐकावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव शहरातून आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गावांतून माझ्याकडे अँप्लिफायर दुरुस्तीला येतात. ‘आवाज टोचतोय’, ‘शब्द कळत नाहीत’, ‘नुसतं घुमतंय’ अशा तक्रारी असतात. टेबलावर लावून बघितलं की त्यातले बरेच सेट ठणठणीत निघतात. मग मी विचारतो, हॉलमध्ये फरशी कसली आहे? तिथून पुढचे प्रश्न ठरलेलेच, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतोय.

जुन्या घरात हाच सेट गोड वाजायचा. नव्या घरी आल्यापासून कानाला टोचतो. सेट बिघडला का?

बहुतेक नाही. घर बदललं. जुन्या घरातला सोपा आठवा. शेणानं सारवलेली जमीन, नाहीतर खडबडीत शहाबादी. जांभ्याच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि कौलं. कौलांच्या फटींतून उजेड आत यायचा, तसा आवाज बाहेरही जायचा. कोपऱ्यात भाताची पोती, दांडीवर वाकळा, एका अंगाला सताड उघडी पडवी. भिंतीकडे गेलेला आवाज फारसा परतत नसे.

आता वर स्लॅब, पुट्टी मारून गुळगुळीत केलेल्या भिंती, खाली मोरबीच्या चकचकीत टाइल्स, खिडक्यांना सरकत्या काचा आणि टीव्हीखाली काळा ग्रॅनाइट. टाइल किंवा ग्रॅनाइट आपल्यावर पडलेल्या आवाजातला शंभरातला एखाददुसरा हिस्सा पितो, गिलाव्याची भिंत दोन-तीन हिस्से. बाकी सगळा आवाज परत खोलीत.

म्हणजे स्पीकरचा थेट आवाज कानाशी आधी पोचतो आणि त्यामागून जमीन, छत, चारी भिंती यांवरून त्याच्या नकला येतात. आवाजाला एक फूट जायला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतो. भिंतीवरून आलेली नक्कल पाच फूट जास्त फिरून आली, तर ती साडेचार मिलिसेकंद उशिरा येणार. एवढा उशीर कानाला वेगळा ऐकू येत नाही, तो नक्कल थेट आवाजातच मिसळून टाकतो. मिसळताना काही सूर फुगतात, काही पुसले जातात, आणि सतारीची तार पत्र्यासारखी वाटायला लागते. त्याहून उशिरा येणाऱ्या नकला एका शब्दावर दुसरा चढवतात.

माझा मामेभाऊ नव्या घरी पहिल्यांदा आला, तेव्हा दारातच थांबून म्हणाला, ‘काय रे, न्हाणीत बसून गाणं ऐकुलास काय?’ ध्वनिशास्त्राशी त्याचा काही संबंध नाही, पण निदान अचूक होतं.

खोली किती घुमते हे यंत्राशिवाय कसं कळेल?

टाळी वाजवा. पंखा बंद करून, खोलीत दोन-तीन जागी उभं राहून, एकेकदा जोरात. ‘टप्प’ होऊन विझली तर खोली बरी आहे. टाळीमागून ‘झर्रर्र’ अशी शेपूट आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज चेंडूसारखा इकडून तिकडे टोलवतायत. १२ फुटांवरच्या भिंतींमध्ये अशी एक फेरी २१ मिलिसेकंदांत होते, म्हणजे सेकंदाला जवळपास ४७ फेऱ्या. म्हणून टाळ्या सुट्ट्या न ऐकू येता झर्र असं ऐकू येतं.

हिशेबाची हौस असेल तर सबाइन यांचं सूत्र वापरा. वॉलेस सबाइन हे हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत. तिथल्या एका व्याख्यानगृहात बोलणं कळेना, तेव्हा १८९० च्या दशकात रात्री-रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या तिथं आणून, कमी-जास्त करून, आवाज विरायला किती वेळ लागतो ते त्यांनी मोजलं. त्यातून निघालेला नियम सोपा आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं, म्हणजे सगळे पृष्ठभाग मिळून जितक्या चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज पितात त्यानं, भागा. आलं ते उत्तर सेकंदांत. उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. सबाइनही याच मापानं मोजत.

आपल्याकडची १२ बाय १४ ची, १० फूट उंचीची खोली साधारण ४७ घनमीटर भरते. टाइल्स आणि गिलाव्याची ती रिकामी खोली तीन सेकंदांच्या आसपास घुमते. गाणं ऐकायला अर्धा सेकंद किंवा त्याहून थोडं कमी हवं. त्यासाठी पंधरा चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं शोषण लागतं. सोफा, गाद्या, पडदे, माणसं हे सगळं त्यात मोजायचं. एक लहानसा गालिचा टाकून भागत का नाही, ते या आकड्यावरून कळावं.

काहीही विकत न घेता काय करता येईल?

खूप. पहिले आठ दिवस एक रुपयाही खर्च करू नका, फक्त सरकवासरकव करा.

बहुतेक घरांत स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबलेले असतात, एक दाराच्या कोपऱ्यात आणि दुसरा कपाटाला चिकटून. समोर सोफा, तोही पाठीमागच्या भिंतीला टेकवलेला. या मांडणीत जगातला कुठलाही सेट वाईटच वाजेल.

आधी स्पीकर कप्प्यातून बाहेर काढा. खोली लांबट असेल तर ते अरुंद भिंतीच्या बाजूला ठेवा, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेनं जाईल. दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून डावा-उजवा स्पीकर सारख्याच अंतरावर हवा. पाठीमागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्या. ही दोन-तीन फुटं उगीच नाहीत. भिंतीवर आपटून परतलेला आवाज थेट आवाजाला एका ठरावीक सुरावर खोडतो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून एक फुटावर असेल तर तो खड्डा २८० हर्ट्झच्या (सेकंदाला २८० कंपनांच्या) आसपास, म्हणजे गळ्याच्या ऐन भागात पडतो. दोन फुटांवर १४० ला येतो, तीन फुटांवर ९४ ला. स्पीकर मागच्या भिंतीपासून, बाजूच्या भिंतीपासून आणि जमिनीपासून अगदी सारख्या अंतरावर ठेवू नका, नाहीतर तिन्ही खड्डे एकाच सुरावर पडतात.

ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. दोन स्पीकरांमधलं अंतर आणि स्पीकर ते कान हे अंतर सारखं ठेवा, सहा-सात फूट पुरे.

सोफा भिंतीपासून सोडवणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे मधे सरकलेला सोफा बघितला की पाहुणे ‘रंगकाम चाललंय का?’ असं विचारतात. तरी सोडवा. डोकं भिंतीला टेकलं की खर्ज फुगतो आणि मागच्या भिंतीची नक्कल थेट कानात येते. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसणं ही चांगली सुरुवात आहे. १४ फुटांत ते मागच्या भिंतीपासून पाच फुटांच्या थोडं पुढे येतं. मग कानानं ठरवत पुढे-मागे व्हा. अगदी मध्यावर मात्र बसू नका, त्याचं कारण खाली खर्जाच्या प्रश्नात आहे.

आणि जवळ बसा. घुमणाऱ्या खोलीतला हा सगळ्यात मोठा फुकटचा उपाय. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबल वाढतो, घुमारा होता तेवढाच राहतो. बारा फुटांवरून सहा फुटांवर आलात तर शब्द लगेच सुटे होतात. न पटल्यास प्लास्टिकची खुर्ची घेऊन आजच करून बघा.

शोषक, म्हणजे आवाज पिणारं कापड किंवा पॅनेल, नेमकं कुठे लावायचं?

याला आरसा लागतो आणि एक माणूस. आमच्याकडे भाचा होता. मी ऐकायच्या खुर्चीत बसलो, तो दाढीचा आरसा बाजूच्या भिंतीला सपाट धरून कानाच्या उंचीवर हळूहळू सरकवत गेला. ज्या जागी मला आरशात स्पीकर दिसला तिथं त्यानं पेन्सिलीनं फुली मारली. आवाजही उजेडासारखाच, ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. दोन स्पीकर, दोन भिंती, मिळून चार फुल्या झाल्या. प्रत्येक भिंतीवरची जवळच्या स्पीकरची फुली सगळ्यात महत्त्वाची. जमिनीवरही हेच करा, तिथं जाड गालिचा. स्लॅबच्या नादाला सुरुवातीला लागू नका.

मोठा जमखाना टाकला, पण आवाज सुधारायच्या ऐवजी मंद झाला. असं का?

कारण तो पातळ आहे. सुती जमखाना किंवा सतरंजी वरच्या पट्टीतले सूर पिते, मधल्यांना आणि खर्जाला हातही लावत नाही. झांजेची चमक गेली, घुमारा तसाच राहिला. खाली जाड रबरी चटई किंवा जुनी वाकळ घालून वर जमखाना टाका, थोडा फरक पडेल. खरी दुरुस्ती भिंतीवर आहे.

वाकळ, घोंगडी, गादी यांनी काम होतं का? की कंपनीचेच पॅनेल हवेत?

होतं, जाडी असली तर. ही गोष्ट नीट कळली तर अर्धे पैसे वाचतात.

आवाज म्हणजे हवेची हालचाल. ती हवा धाग्यांमधून घासत गेली की तिची थोडी उष्णता होते आणि तेवढा आवाज मरतो. पण भिंतीला अगदी टेकून हवा हलूच शकत नाही. ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून त्या सुराच्या पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी ३४ सेंटीमीटर, तिचा पाव हिस्सा साडेआठ. म्हणून भिंतीला चिकटवलेलं कापड फक्त वरचे सूर घेतं, आणि तेच कापड तीन-चार इंच पुढे टांगलं की गळ्यापर्यंतचे सूर पकडायला लागतं. मधली पोकळी फुकट काम करते.

मी पहिला प्रयोग मावशीनं शिवलेल्या वाकळीवर केला. बारा जुन्या लुगड्यांची, दोन माणसांनी उचलावी अशी जड. दुहेरी घडी घातली, चार इंच पुढे येणाऱ्या ब्रॅकेटवर पडद्याची दांडी ठोकली आणि पेन्सिलीच्या फुलीवर टांगली. दुसऱ्या भिंतीवर तशीच एक घोंगडी, चार पदरी. मग टाळी वाजवली. झर्रर्र गेलं होतं. तबल्याच्या चाटेवरचं बोट आणि मैदानावरचं बोट वेगळं ऐकू यायला लागलं. शेजारच्या काकांना आधी आणि नंतर ऐकवलं, तर ते म्हणाले, ‘अँप्लिफायर नवीन घेतलास?’

कायमचं करायचं तर लाकडी चौकट बनवा. दोन बाय चार फूट, चार इंच खोल, त्यात दोन इंची रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली तंतूंची लोकर. घनमीटरला ४८ किलोच्या आसपास घनतेचं घ्या. कारखान्यांचं इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे ते मिळतं. मागे दोन इंच पोकळी सोडा. हाताळताना मोजे आणि मास्क लावा, त्याचे तंतू अंगाला खाजवतात. वरून कापड लावायचं ते फुंकर मारून निवडा. खडेबाजारात दुकानदारासमोर कापड तोंडाशी धरून फुंकर मारली तर तो बघत राहतो, पण इलाज नाही. फुंकर पलीकडे गेली तरच आवाज जाणार. त्यामुळे रेक्झिन बाद, आणि रेक्झिनचं कव्हर घातलेली गादीही बाद.

पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी कोपऱ्यात उभी करून ठेवली तर ती रॉकवूलची गरीब बहीण आहे. काम करते.

अंड्यांचे ट्रे? थर्माकोल?

दोन्ही नको. ट्रे पातळ पुठ्ठ्याचा, थर्माकोलमधून हवाच जात नाही. शिवाय दोन्ही पेट घेतात.

एक पूर्ण भिंत काचेच्या खिडकीची आहे. तिचं काय करू?

जाड पडदा लावा, पण लावायची पद्धत महत्त्वाची. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट पन्हा घ्या म्हणजे चुण्या पडतील, आणि दांडी काचेपासून निदान सहा इंच पुढे ठेवा. मखमल किंवा तसलं जड कापड. ताणून लावलेला पातळ सॅटिनचा पडदा केवळ शोभेचा. काच खर्ज थोडा बाहेर सोडते, म्हणून अशा खोलीत घूं-घूं कमी आणि चिरका आवाज जास्त असतो. पडदा नेमका त्या चिरक्यावर चालतो. आणि हो, हवा बरी असेल तर खिडकी उघडा. वरचं सबाइनचं माप आठवा.

डग्गा एखाद्याच सुरावर घूं करून फुगतो, बाकीचा खर्ज गायब. स्पीकर खराब?

हा खोलीचा स्वतःचा सूर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी तरंगलांबी बरोबर बसते, तो सूर खोली धरून ठेवते. १४ फुटांच्या लांबीला तो ४० हर्ट्झ, १२ फुटांच्या रुंदीला ४७, १० फुटांच्या उंचीला ५६. त्यांच्या दुप्पट, तिपटीवरही तेच. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, डग्गा त्याच्याच परिसरात फिरतो. त्यामुळे मींड काढताना मधेच एक जागा फुगते. खोली १२ बाय १२ ची असेल तर लांबी-रुंदीचे सूर एकावर एक बसतात आणि त्रास दुप्पट. घर अजून कागदावर असेल तर हॉल चौरस काढू देऊ नका.

या सुरांचा जोर भिंतीशी आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त असतो आणि पहिल्या सुराला मध्यावर खड्डा असतो. म्हणून स्पीकर कोपऱ्यातून काढायचे, भिंतीला टेकून बसायचं नाही आणि बरोबर मध्यावरही बसायचं नाही. खुर्ची फूटभर पुढेमागे केली तरी डग्गा बदलतो. सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) असेल तर उलटी युक्ती करा. सबवूफर खुर्चीवर ठेवून गाणं लावा आणि आपण भिंतीकडेनं रांगत ऐका, जिथं खर्ज सरळ वाटेल तिथं तो ठेवा. दार लावून करा.

स्पीकरला मागे भोक असेल तर त्यात मोज्यांची सैल गुंडाळी घाला, फुगवटा उतरतो. कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या करा. दोन इंची पॅनेल इथं पोचत नाही, खर्जाला सहा-आठ इंच तरी लागतात. ज्या खोलीत कापसाच्या गाद्यांची चळत असते तिथं खर्ज आपोआप सुधारतो, म्हणून कित्येकांचा सेट हॉलपेक्षा झोपायच्या खोलीत चांगला वाजतो.

मधेच ‘टिंग’ असा आवाज येतो. ट्वीटर गेला?

आमच्याकडे ती पितळी परात होती. मांडणीवर उभी ठेवलेली, एका तानेला बरोबर नाद द्यायची. दोन दिवस मी स्पीकर उघडून बसलो होतो. शोकेसच्या काचा, लोखंडी कपाटाचं दार, ट्यूबलाइटची पट्टी, देवघरातली घंटा, सगळ्यांवर एकेकदा हात ठेवून बघा. जिथं आवाज थांबतो तिथं कापडाची घडी नाहीतर रबराचा तुकडा द्या.

मोबाइलमधल्या इक्वलायझरनं हे होणार नाही का?

फुगलेला सूर कापता येतो, तेवढं करा. पण खड्डा भरायला जाऊ नका. १० डेसिबल वाढवायला अँप्लिफायरला दहापट ताकद लागते, आणि ज्या जागी दोन लाटा एकमेकींना खोडतात तिथं जेवढं ओताल तेवढं खोडलं जाईल. घुमाऱ्याला तर इक्वलायझर काहीच करत नाही. मोजून बघायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फक्त मोबाइलच्या माइकवर खर्जाच्या बाबतीत विश्वास ठेवू नका.

आमच्या शेजारी माग आहेत. रॉकवूल लावलं तर खडखडाट बंद होईल?

नाही. शहापूर, वडगाव, खासबागकडून हा प्रश्न नेहमी येतो. खोलीतला आवाज शोषणं आणि बाहेरचा अडवणं ही दोन वेगळी कामं. अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखालची फट, सरकत्या काचांच्या खाचा इथं रबरी पट्ट्या लावा, तेवढ्यानं जे व्हायचं ते होईल. बाकी मागाची सुट्टी असेल त्या दिवशी ऐका.

पावसाळ्यात हे सगळं कुजणार नाही?

खानापूरच्या बाजूला पाऊस लागला की भिंतींना ओल येते, हे खरं. रॉकवूल कुजत नाही, वरच्या कापडावर आणि कापसात मात्र बुरशी धरते. मागची पोकळी इथंही उपयोगी, वारा फिरतो. बाहेरच्या ओल्या भिंतीवर चौकट लावू नका. वाकळा आणि गाद्यांना उघडीप मिळाली की ऊन दाखवा. आणि जुन्या स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याभोवतीची फोमची कड बोटानं हलकेच दाबून बघा. भुगा होत असेल तर मात्र तक्रार खोलीची नाही, माझ्याकडे घेऊन या.

शोषक जास्त झालं तर?

होतं तसं. एकानं चारी भिंती झाकल्या आणि सुरांतला जीव गेला. एक-एक लावा, दोन दिवस ऐका, मग पुढचं. स्पीकरच्या समोरची, म्हणजे आपल्या पाठीमागची भिंत झाकण्याऐवजी तिथं पुस्तकांचं उघडं कपाट ठेवा, पुस्तकं मागेपुढे लावलेली. आवाज विखुरतो, मरत नाही.

सुधारणा झाली की नाही हे कशावर तपासू?

मोनो रेकॉर्डिंगवर. सुळेभावी हे आपल्या बेळगावजवळचं गाव, कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली तिथला. त्यांच्या जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांपैकी एखादं लावा. दोन्ही स्पीकरांतून तेच वाजतंय, म्हणून गळा बरोबर मधे, माणूस समोर बसल्यासारखा यायला हवा. तो एका बाजूला ओढला गेला तर त्या बाजूची भिंत उघडी आहे. भिंतभर पसरला तर दोन्ही. एक स्पीकर उलट्या जोडणीचा असेल तर गळा कुठेच सापडत नाही आणि खर्ज पातळ होतो, तेव्हा आधी लाल-काळ्या तारा तपासा.

हॉलमध्ये वाकळ टांगली तर घरचे काय म्हणतील?

म्हणतातच. आमच्याकडे ‘ही इथं वाळत घातलीय का?’ असा प्रश्न तीन दिवस चालला. शेवटी तडजोड म्हणून चौकटी केल्या आणि त्यांवर आईची जुनी इरकल ताणून लावली. आता येणारे-जाणारे तिच्या काठांचं कौतुक करतात, मागे काय आहे ते कोणी विचारत नाही. एक लक्षात ठेवा, इरकलीचा पदर रेशमी आणि विणीला दाट असतो, त्यातून फुंकर जात नाही. तो दुमडून मागे घ्या आणि सुती अंग पुढे ठेवा.